ग्वाय हानस: पाहुणे कोण, यजमान कोण?

आज आपण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या हैडा ग्वाय बेटांवर चाललोय. या बेटांचा दक्षिण भाग म्हणजे ग्वाय हानस राष्ट्रीय उद्यान. तिथे रस्ता जात नाही. बोटीनं जायचं, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं. आधी माहितीसत्राला बसायचं. जुन्या गावांत एका वेळी फक्त १२ पाहुणे, आणि तिथे स्वागताला हैडा समाजाचे राखणदार.

एवढे नियम का? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

जाहिरातींत या जागेला 'निर्जन अरण्य' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. इथे हैडा लोकांची भरलेली गावं होती. १८६२ मध्ये देवीची साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या बेटांवर जेमतेम ६०० हैडा उरले होते. म्हणजे ही शांतता निसर्गानं दिलेली नाही, ती साथीनं मागे ठेवलेली आहे.

मग आल्या लाकूडतोड कंपन्या. शेकडो वर्षांचे सीडार वृक्ष धडाधड पडायला लागले. १९८५ मध्ये हैडा लोकांनी लायेल बेटावर रस्ता अडवला. पोलिसांनी ७२ जणांना अटक केली. सगळ्यात आधी कोणाला? समाजातल्या ज्येष्ठांना! ते स्वतःहून पुढे बसले होते. पुढे १९८७ मध्ये तिथली लाकूडतोड थांबली.

१९९३ चा करार तर मला फारच भारी वाटतो. जमीन कोणाची, यावर एकमत झालंच नाही. म्हणून कॅनडा सरकार आणि हैडा, दोघांनीही आपापला दावा त्याच करारात शेजारी-शेजारी लिहिला आणि कारभार एकत्र चालवायचं ठरवलं. मालकीचा वाद तसाच ठेवून जंगल वाचवलं! २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं या बेटांवरचा हैडांचा हक्क मान्य केला.

आता स्गांग ग्वाय या गावाबद्दल. १९८१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. किनाऱ्याकडे तोंड करून उभे असलेले कोरीव सीडार-खांब, त्यातल्या कित्येकांच्या माथ्यावर कधीकाळी पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या. शिंपल्यांनी आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. खांब झुकतायत, शेवाळतायत. आपल्याला वाटेल, अरे, काचेत ठेवा की! पण हैडांच्या दृष्टीनं खांबाचंही आयुष्य असतं, आणि शेवटी त्यानं मातीत मिसळायचं असतं.

जपायचं ते कोरणारे हात. २०१३ मध्ये त्याच लायेल बेटावर नवा खांब उभा राहिला, ४२ फुटी. या भागात १३० वर्षांत पहिलाच. त्यावर हातात हात गुंफून उभी माणसं कोरली आहेत: १९८५ चे आंदोलक.

पुढच्या ट्रेकला एखादं जंगल 'रिकामं' वाटलं, तर तिथे आधी कोण राहत होतं, हे नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!