छपराची गळती : शोध, उपाय आणि परंपरा

कोल्हापूर जिल्हा हा पावसाचा जिल्हा. पश्चिमेस गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे जेमतेम पाच-सहाशे. घर असो वा देऊळ, डोक्यावरचे छप्पर कोरडे राखणे ही येथील माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी आहे. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तिचा थोडा इतिहास ग्रामस्थ व देणगीदार यांच्यासमोर ठेवणे उचित ठरेल.

पूर्वी गोरगरिबांची घरे गवताने शाकारलेली असत. ऐपत असेल तो नळीची कौले घाली. माकडे, मांजरे आणि वारा यांमुळे ही कौले सरकत. म्हणून मृग निघण्यापूर्वी दरवर्षी छप्पर चाळण्याचा रिवाज होता. इ. स. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खाचेने बसणारी ही मंगलोरी कौले पुढे घाटावरही आली आणि दरसालचे कष्ट कमी झाले. त्यानंतर सिमेंटचा स्लॅब आला. मात्र एक गोष्ट हरवली. नळीच्या कौलांमुळे वर्षातून एकदा कोणीतरी छपरावर चढत असे व दोष लहान असतानाच नजरेस येई. स्लॅबवर मात्र पाणी ठिबकू लागेपर्यंत कोणी चढत नाही.

गळती शोधण्याची पहिली खूणगाठ अशी की, पाणी जेथे ठिबकते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. कौलारू छपरात फुटक्या कौलातून आलेले पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशाच्या उताराने चार-पाच हात वाहते आणि मग खाली पडते. म्हणून जाणता सुतार माळ्यावर दिवा घेऊन जातो आणि लाकडावरचा काळा ओघळ वरच्या दिशेने तपासत जातो. स्लॅबमध्ये भेग एका जागी, तर ओल दुसऱ्याच खोलीत दिसते. अशा वेळी पाण्याच्या वाटा बुजवून, स्लॅबचे लहान लहान भाग आड घालून त्यांत आळीपाळीने पाणी साठवावे व चोवीस तास वाट पाहावी. छतावरच्या नळाची व टाकीची तपासणी आधी करावी. पावसाळ्याबाहेरही ओल टिकली तर दोष बहुधा नळाचा असतो. भिंत व स्लॅब जुळतात तो कोपरा, पन्हळीचे तोंड आणि शिखराच्या सांध्यात रुजलेला पिंपळ ही नेहमीची ठिकाणे होत.

दोष न शोधता वरून थर चढविणे हा उपाय सोपा वाटतो, परंतु तो महाग पडतो. याचे उदाहरण करवीरनगरीतच आहे. श्री अंबाबाईचे प्राचीन मंदिर काळ्या दगडाचे आहे. त्याच्या छतावर गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी कोबा टाकला गेला. त्याने मंदिरावरचा भार मात्र वाढला, आणि एकविसाव्या शतकात तो जादा कोबा काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. हिशेब सरळ आहे. चार इंच जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस फुटास सुमारे बावीस किलो भरते. पाचशे चौरस फुटांच्या सभामंडपावर असा एक थर म्हणजे अकरा टन बोजा झाला. शिवाय आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही, लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि पोपडे सुटू लागतात. जुन्या दगडी कामात चुन्याचाच दर्जा योग्य. गूळ, हिरडा व बेलफळ यांच्या पाण्यात मळलेला चुना सांधा भरतो आणि भिंतीतील ओलही बाहेर जाऊ देतो.

याच जिल्ह्यात खिद्रापूरचे श्री कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल उघडे तोंड आहे. सुमारे तेरा फूट व्यासाच्या त्या मोकळ्या जागेतून पाऊस थेट आत येतो, तरी अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप शतकानुशतके उभा आहे. पाणी हे शत्रू नव्हे, वाट न मिळालेले पाणी हा शत्रू, हेच यावरून दिसून येते. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने या देवस्थानास गाव दान दिल्याचा तेराव्या शतकातील शिलालेखही तेथे आहे. गाव दान म्हणजे दरसालचे उत्पन्न. एकदाच्या देणगीने देवस्थान चालत नाही, हे त्या काळीही ठाऊक होते.

जीर्णोद्धाराच्या वेळी हात सढळ असतात, पण पुढच्या दहा पावसाळ्यांची तरतूद क्वचितच होते. एखाद्याने मोलमजुरीतून दिलेले शंभर रुपये आणि धनिकाने दिलेले लाख रुपये एकाच छपराखाली असतात, आणि गळती दोघांचेही दान सारखेच भिजवते. यास्तव देवस्थान कमिटीने देखभालीचा स्वतंत्र निधी राखावा. दर वैशाखात गवंड्यास वर चढवून पन्हळी साफ कराव्यात, रोपटी मुळासह काढावीत आणि काय आढळले ते वहीत नोंदवून ठेवावे. वळिवाची पहिली सर येईल तेव्हा त्या कामाची परीक्षा आपोआप होईल. वास्तू बांधणाऱ्यांची नावे शिळेवर कोरली जातात. ती वास्तू टिकविणाऱ्यांची नावे त्या वहीत राहतील, आणि त्यांचे पुण्य तिळमात्रही कमी नाही.