प्रणयबोधचित्रे, डच
कोरीव ताम्रमुद्राचित्र, सूत्रवचन व पद्य यांच्या संयोगातून प्रणय व नीती यांचे शिक्षण देणारा, सतराव्या शतकातील नेदर्लंड्समधील ग्रंथप्रकार. डानीएल हाइन्सियस व पीटर होफ्त (१५८१–१६४७) यांच्या आरंभीच्या संग्रहांत मदनदेव क्यूपिडच्या लीलांना प्राधान्य होते. याकोप काट्स (१५७७–१६६०) याने या प्रकारास नीतिपर वळण दिले. आड्रियान व्हान द व्हेनच्या रेखाटनांनी सजलेल्या त्याच्या १६१८ च्या ग्रंथात प्रत्येक चित्राचे प्रणय, लोकव्यवहार व धर्म या दृष्टींनी तीन अर्थ लाविले आहेत. उदा., स्वातंत्र्य गमावूनही पिंजऱ्यात आनंदी असलेला पोपट प्रथम प्रेमबंधनात रमलेला प्रियकर ठरतो. तीन स्वतंत्र भागांत विखुरलेले हे अर्थ १६२७ च्या आवृत्तीत चित्रागणिक एकत्र आले. प्रियाराधनाचा निषेध न करता त्यातूनच तरुणांना सदाचाराकडे व ईश्वरभक्तीकडे नेणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.