काँग्रेस विहीर : एका उद्यानात जपलेला इतिहास

बेळगावच्या टिळकवाडी भागात, रेल्वेमार्गाला समांतर जाणाऱ्या काँग्रेस रस्त्यालगत एक जुनी विहीर आहे. तिच्या भोवती बाग, शेजारी 'वीर सौध' हे स्मारक आणि महात्मा गांधींचा पुतळा असा हा परिसर आहे. शहरवासीयांच्या विसाव्याचे हे स्थान वस्तुतः एका राष्ट्रीय घटनेचे स्मारक होय. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होते.

बेळगावला या मानाची पूर्वपीठिका होती. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच शहरात झाली होती. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि जवळच्याच हुदली गावचे गंगाधरराव देशपांडे पुढे गांधीजींचे सहकारी बनले व १९२४ च्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष झाले. असहकारितेची चळवळ थांबलेली, कायदेमंडळ प्रवेशाच्या प्रश्नावर पक्षात दुफळी माजलेली आणि गांधीजी त्याच वर्षी फेब्रुवारीत कारावासातून सुटलेले, असा तो काळ. स्वराज्य पक्षाशी झालेल्या समझोत्यावर बेळगावात शिक्कामोर्तब झाले आणि दरमहा दोन हजार वार सूत ही सभासदत्वाची अट ठरली.

अधिवेशनासाठी उभारलेल्या नगराला 'विजयनगर' असे नाव देण्यात आले व प्रवेशद्वारी हंपीच्या धर्तीवर गोपुर उभे करण्यात आले. परंतु हजारो माणसे एका माळावर उतरणार म्हटल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. त्यासाठी ही विहीर खोदण्यात आली आणि हंपीच्याच पंपासरोवराचे नाव तिला मिळाले. खर्च आला सुमारे ४,३७० रुपये. मंडप उतरविला गेला, गोपुर गेले, राहुट्या उठल्या. शोभेसाठी उभारलेले सारे काही दिवसांत नाहीसे झाले आणि गरजेपोटी खोदलेली विहीर तेवढी मागे राहिली. लोकांनी तिला 'काँग्रेस विहीर' हे साधे नाव दिले व तेच टिकले.

या विहिरीजवळ उभे राहणाऱ्याने अध्यक्षांइतकेच व्यवस्था पाहणाऱ्यांचेही स्मरण करावयास हवे. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवादलाच्या स्वयंसेवकांनी शिस्तीचा भार वाहिला. स्वच्छतेचे काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतले. बेळगुंदीशी घरोबा असलेले आणि पूर्वी बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक राहिलेले कालेलकर येथे परके नव्हते. हाती झाडू आणि फावडे घेणाऱ्या त्यांच्या पथकात उच्चवर्णीय तरुणही होते. त्या काळच्या समाजात ही गोष्ट ठरावांहून कमी महत्त्वाची नव्हती. गांधीजींनी व्यवस्थेची वाखाणणी केली. मात्र आपल्यासाठी बांधलेल्या खादीच्या कुटीला 'राजवाडा' म्हणून काटकसरीचा आग्रहही धरला.

बेळगावच्या या वारशाला दोन भाषांचे पदर आहेत. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या व बेळगाव जिल्हा कर्नाटक प्रांतात गेला. १९२४ च्या याच मेळाव्यात सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरण परिषद भरली. पुढे किराणा घराण्याच्या श्रेष्ठ गायिका म्हणून ख्यातनाम झालेल्या गंगूबाई हनगल यांनी बालवयात येथेच स्वागतगीत गाइले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला आणि येथील मराठी भाषकांच्या मनात जो सल निर्माण झाला, तो अद्याप शमलेला नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या सलामुळे १९२४ ची घटना मराठी वाचकाने परक्याची मानण्याचे मात्र कारण नाही. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती संयुक्तपणे उभी केली होती.

या अधिवेशनाच्या वेळी अस्पृश्यता निवारण परिषदही झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. बेळगावी सवर्ण कार्यकर्ते अस्पृश्यतेविषयी बोलत होते. निपाणीस बहिष्कृत समाज स्वतःच्या वाणीने बोलू लागला. सीमाभागाचा सामाजिक इतिहास जाणू इच्छिणाऱ्याने ही दोन्ही स्थळे एकत्र पाहावयास हवीत.

डिसेंबर २०२४ मध्ये अधिवेशनाची शताब्दी साजरी झाली. दिव्यांची आरास झाली, नेतेमंडळी आली. समारंभ आटोपल्यावर बाग पुन्हा नेहमीच्या नागरिकांच्या हाती आली, आणि ते योग्यच झाले. लोकांच्या सोयीसाठी खोदलेल्या विहिरीभोवती लोकांचाच वावर असावा. मात्र बागेतला फलक नाव आणि साल सांगू शकतो. पाणी कोणी काढले, झाडू कोणी हाती घेतला, शेजारच्या निपाणीत त्याच सुमारास काय घडत होते, हे सांगण्यास तो अपुरा पडतो. ते आत्मचरित्रांत, अहवालांत आणि जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव खंडांत आहे. हे कागद दोन्ही भाषांत जपणे व मागणाऱ्याच्या हाती देणे, हे सीमाभागातील ग्रंथालयांचे काम आहे. संध्याकाळी विहिरीपाशी आलेल्या मुलाने 'ही कोणी खोदली?' असे विचारले, तर त्याला नेमके उत्तर देता येईल, एवढी साधनसामग्री या ग्रंथालयांतून मिळावयास हवी.