उंसाच्या चिपाडाचा इतिहास

इंदापूर तालुक्याचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे, तें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ नंतर तेथें केलेल्या जमीनमोजणीमुळें व साराआकारणीमुळें. जमिनीच्या मगदुराचा हिशोब तेव्हां ठेवला गेला. पिकाच्या धाटाची विचारपूस मात्र कोणीं केली नाहीं. आम्हांस येथें त्या धाटाविषयींच लिहावयाचें आहे.

वनस्पतींचा सांगाडा ज्या द्रव्याचा असतो तें सेल्युलोज १८३८ सालीं पायें या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें प्रथम वेगळें केलें. दाण्यांतील पिष्ट व धाटांतील सेल्युलोज हीं दोन्हीं ग्लुकोजच्याच साखळ्या होत. परंतु सांधा निराळा असल्यामुळें ज्वारी माणसास पचते, कडबा पचत नाहीं. गुरांच्या पोटांतील सूक्ष्म जंतू तो सांधा तोडतात. म्हणूनच १८७६-७७ च्या दुष्काळांत कडबा गेला तेव्हां शेतकऱ्याचे बैलही गेले.

त्या दुष्काळानंतर भाटघरचें धरण हातीं घेण्यांत आलें व १८८५ मध्यें नीरेचा डावा कालवा सुरू झाला. बारामतीकडे ऊंस वाढला, गुऱ्हाळें उभीं राहिलीं. या उजाड मुलुखांत सरपण दुर्मिळ. वाळलेल्या चिपाडांवरच चुलवाण पेटे व काहिलींतला रस आटे. पुढें वालचंदनगरास साखर कारखाना निघाला, तेथेंही भुसा बॉयलरखालींच गेला. आतां अनेक कारखान्यांत त्याच वाफेवर वीजही होते.

शंभर मण उंसामागें सुमारें तीस मण ओला भुसा निघतो, व त्याच्या कोरड्या भागांत चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतें. भेंड काढून तंतू शिजविले कीं त्यांचा कागद होतो. तामिळनाडूंत पुगळूर येथें असा मोठा कारखाना १९८० नंतरच्या दशकापासून चालू आहे. तो साखर कारखान्यांस इंधन पुरवून भुसा घेतो. म्हणजे चिपाड जाळणाऱ्यास आम्ही अविचारी म्हणणार नाहीं. त्याची गरज खरी असते.

तोडणीनंतर शेतांत पाचटास लावलेली आग मात्र निराळी. तिच्यावर काहिल नसते, बॉयलर नसतो. तेंच पाचट सरींत पसरलें तर ओल टिकते, आणि कुजून जमिनीचा कस वाढतो. ज्या पाण्यासाठीं धरण बांधलें व कालवा खोदला, त्याचा ओलावा त्याच पाण्यावर वाढलेल्या पानांनीं राखावा, हा साधा व्यवहार आमच्या बागाइतदारांस अवघड वाटूं नये.