एका धाग्याचे फडके

श्रोतेहो, विषय ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस सुयांवर फडके कसे विणावे ते सांगणार, म्हणजे हसू यायचेच. पण बारामती-इंदापूरच्या लोकरीचा इतिहास आम्हांला कळला तो एक फडके बिघडल्यामुळे. तेव्हा सुरुवात तिथूनच.

मराठीत ‘विणणे’ हा शब्द फार ऐसपैस. घोंगडे विणतात, बाज विणतात, स्वेटरही विणतात. कामे मात्र वेगळी. मागावर उभा ताणा, आडवा बाणा, म्हणजे धागे अनेक. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासांत अडकत जातो. आमच्या नैयायिकांचा लाडका दृष्टान्त कापडाचाच आहे: तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, माग आणि धोटा ही निमित्त कारणे. वर्षानुवर्षे हे वर्गात सांगितले, पण एकाच तंतूचा पट असला तर संयोग कोणाचा कोणाशी, हा प्रश्न आम्हांला सुया हातात घेईपर्यंत पडला नाही! सुयांच्या पद्धतीचे जुने नमुने इजिप्तमध्ये मिळाले, सुमारे 1000 वर्षांपूर्वीचे सुती मोजे. आपल्याकडे ही कला युरोपियनांबरोबर आली.

त्याआधी इथे होते ते घोंगडे. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात आला. तोवर हा सगळा पट्टा बाजरी-ज्वारीचा आणि मेंढरांचा. 1836 मध्ये इंग्रजांनी जमीनमोजणीची नवी पद्धत पहिल्यांदा इंदापुरात लावली, तीसुद्धा आधीच्या जबर साऱ्याने लोक जमिनी सोडून चालले होते म्हणून. अशा मुलखात घोंगडे हेच अंथरूण, तेच पांघरूण, पावसात तीच डोक्यावरची खोळ. धनगरांनी वर्षातून दोनदा मेंढरे कातरायची, मग लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचे, आणि सणगराने ते खड्डामागावर चढवायचे. चिंचोक्याची खळ दिली की घोंगड्याला ताठपणा येतो. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ. बाकी दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, अंगाला टोचणारी. थंडीपावसाला तीच चांगली, पण सुयांवर नाजूक काम करायला ती जमत नाही.

इथेच पुढची सगळी गोम आहे. मिशनच्या आणि नंतर आपल्या मुलींच्या शाळांत शिवण-टिपण, विणकाम शिरले. इथून उत्तरेला केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896 नंतरच्या दुष्काळांतल्या मुली आणून त्यांना विणण्या-शिवण्याचे काम शिकवले. ते पोटापाण्याचे शिक्षण होते. पण पुढे शाळांतून सुयांचे काम म्हणजे दुकानातून आणलेल्या रंगीत गुंड्या, असेच झाले. आम्ही शाळेत असताना मुली विणकामाच्या तासाला बसत, आम्हां मुलांना मैदानावर हाकलत, आणि मैदानाच्या कडेला मेंढरे चरत असत. आतली लोकर आणि बाहेरची लोकर यांचा काही संबंध आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. सांगणाऱ्यांनाही ते कधी जाणवले असेल, असे वाटत नाही.

आम्ही शिकलो साठी उलटल्यावर, घरातूनच. हौसेने म्हटले, इथल्याच मेंढीच्या लोकरीचे सूत घेऊ. पहिले फडके चौकोनी व्हायचे ते त्रिकोणी झाले, कारण दर ओळीच्या शेवटी एक टाका निसटत होता. आणि भांडे पुसायला घेतले तर हाताला कुसळे लागल्यासारखे झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, हे घोंगड्याचे सूत, घोंगड्यालाच द्या.’

तर नवशिक्यांनी जाड सुती दोरा घ्यावा. अ‍ॅक्रिलिक नको, गरम भांड्याला ते वितळते. आठ नंबरच्या सुया, 40 टाके, आणि प्रत्येक ओळ सुलट. एक ओळ सुलट, एक उलट केली तर दिसते छान, पण कडा गुंडाळतात. नुसत्या सुलट ओळींचे फडके सपाट बसते. साधारण 80 ओळींना वीतभर चौकोन होतो. दर ओळ संपली की टाके मोजा; आम्ही मोजले नाहीत, फळ सांगितलेच. आणि चुकले तर उसवा, धागा जसाच्या तसा परत मिळतो. मागावर खळ देऊन बसलेले घोंगडे असे परत मिळत नाही. तिथे शिकणाऱ्याला आधी पिंजायला बसवतात. माग फार उशिरा हाती येतो.

तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, ते तुम्ही पाहिले असेल. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात, तेही रस्त्यावर दिसतात. मेंढ्या आहेत. पण आता त्या मुख्यतः मटणासाठी. लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही, म्हणून कातरलेली लोकर कित्येकदा फेकून देतात. इकडे बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये कपडे शिवले जातात, आणि तुमच्या अंगातला टी-शर्टसुद्धा विणलेलाच असतो, फासात फास अडकवून, यंत्रावर. बाहीची कड जरा ताणून बघा, फास दिसतील.

बाहेर टेबलावर सुयांचे बारा जोड ठेवले आहेत. टाके आम्हीच घालून ठेवलेत, कारण नवख्याला तेच सगळ्यांत अवघड जाते. शेजारी मूठभर दख्खनी लोकरही आहे. ती हातात घेऊन बघा, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून घोंगडे असेल, त्यांनी पुढच्या वेळी ते घेऊन या.