अडीच घरांच्या राजाचा वारसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बुद्धिबळाशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावी, ओट्यावर खडूने आखलेल्या पटावर आजोबांनी ती करून दिली. त्या पटाचे नियम स्पर्धेतल्या नियमांहून वेगळे होते. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जायचे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. डाव सावकाश चाले. दोन्ही फौजा आधी आपापल्या हद्दीत मोर्चे बांधत आणि चहा दुसऱ्यांदा आला की कुठे पहिली मारामारी होई.

पुढे शहरात स्पर्धेला गेलो, तेव्हा उसन्या पुस्तकातून सिसिलियन बचावाच्या बारा खेळ्या पाठ केल्या होत्या. समोरच्याने सहाव्याच खेळीला वेगळे प्यादे हलवले आणि माझे पाठांतर तिथेच संपले. आजोबांचा खेळ गावठी, म्हणून आपण मागे पडलो, असे तेव्हा वाटले. हा गैरसमज दूर झाला तो इतिहास वाचताना.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते. खेळात त्यांना तोडीस तोड कुणी मिळेना. तेव्हा बंगालमधल्या एका खेड्यातल्या महेशचंद्र बॅनर्जी यांचे नाव त्यांच्या कानावर आले. महेशचंद्र आपल्या देशी पद्धतीत तरबेज होते. युरोपीय नियम त्यांना नवे होते. १८४८ पासून या दोघांत शेकडो डाव झाले. त्यांतले बरेचसे कॉक्रेननी जिंकले. तरीही बुद्धिबळाच्या इतिहासात दोघांच्याही सुरुवाती टिकून राहिल्या, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

कॉक्रेनचा पिंड हल्लेखोराचा. १८४८ च्या एका डावात त्यांनी चौथ्याच खेळीला महेशचंद्रांच्या राजाशेजारच्या उंटापुढचे प्यादे मारून आपला घोडा खुशाल देऊन टाकला. राजा उघड्यावर आला की पुढचे पाहून घेऊ, असा हिशेब. आज ही चाल ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून ओळखली जाते.

महेशचंद्रांची रीत निराळी. घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवायचे, त्या जागी उंट आणून बसवायचा, पटाचा मध्य खुशाल समोरच्याला व्यापू द्यायचा आणि मग दुरून त्यावर मारा करायचा. त्या काळची युरोपीय शिकवण होती, मध्यावर आधी आपली प्यादी रोवा. महेशचंद्रांच्या हाताला मात्र एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांची सवय होती. त्यांच्या या मांडणीवरूनच पुढे ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव रूढ झाले. १८५५ च्या एका डावात त्यांनी जी सुरुवात केली, तीच व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये जगापुढे आणली आणि तिला त्यांचे नाव मिळाले. १८५५ चा तो डाव महेशचंद्र हरले. कॉक्रेनच्या घोड्याने त्यांच्या राजाला कोपऱ्यात कोंडून मात दिली. पण दोष सुरुवातीचा नव्हता, पुढच्या चुकांचा होता.

देशी पटावरून युरोपीय पटावर जाण्याची ही धडपड आपल्याकडेही जुनी आहे. त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेल्या त्या पुस्तकात मुख्यतः डावातल्या पेचाच्या स्थिती होत्या. पुढे पंजाबचे मीर सुलतान खान देशी बुद्धिबळावर वाढले. सुरुवातींचा पुस्तकी अभ्यास तोकडा असूनही १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. शांतपणे डाव मध्याच्या पुढे न्यायचा आणि तिथे झुंजायचे, ही त्यांची खासियत. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला.

हे सारे मला गेल्या वर्षी पुन्हा आठवले. माझ्याकडे खेळायला येणारा एक मुलगा आहे. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. तालुक्याच्या स्पर्धेत हरून आला आणि पटाच्या सोंगट्या पिशवीत भरत म्हणाला, “सर, त्या पोरांना पंधरा पंधरा खेळ्या पाठ असतात. माझ्याकडं मोबाइल तासभरच असतो. मी आता येत नाही.”

मी त्याला तीन प्रश्न विचारले. सोंगटी देऊन हल्ला चढवताना तुला मजा येते की धडकी भरते? अडचणीत बसून वाट पाहणे जमते का? हरलेल्या डावात तू नेमका कुठे चुकलास? तिसऱ्याचे उत्तर होते, चाळिसाव्या खेळीला, घाईत. म्हणजे सुरुवातीने त्याला बुडवले नव्हते. वाट पाहणे तर त्याला चांगलेच जमत होते. वर्षाचे काही महिने तो तेच करत होता.

मग आम्ही महेशचंद्रांची मांडणी घेतली. पाठ करायच्या खेळ्या थोड्या, समजून घ्यायचा विचार एक. हल्ल्याची हौस असलेल्या मुलाला मी कॉक्रेनच्या वाटेने पाठवले असते. पुढच्या स्पर्धेत तो पाचांपैकी तीन डाव जिंकला. बक्षीस मिळाले नाही. पण दुसऱ्या दिवशी सोंगट्यांची पिशवी घेऊन तो माझ्याआधी दारात हजर होता.