हिरव्या शेडमधला सूर आणि न लिहिलेलं नाव

बचत, कर्जफेड आणि मालाची विक्री यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचं बोलणं जरा वेगळं आहे. पत्र्याची शेड, आगगाडीचा खडखडाट, ताणलेली एखादी तार, असल्या वस्तूंच्या आवाजातून संगीत कसं उभं राहिलं, आणि ते उभं करणाऱ्या बायांची नावं कुठे गेली, त्याचा हा इतिहास आहे.

हल्ली लग्नाच्या वरातीत डीजे वाजतो. एकच ठोका, एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. त्या फिरणाऱ्या तुकड्याला लूप म्हणतात आणि वापरायला उचललेल्या आवाजाच्या नमुन्याला सॅम्पल. हे काम आज मोबाइलवरही होतं. पण संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी माणसं ते हातानं करत होती, आणि त्याची सुरुवात बरीचशी रेडिओच्या आवारात झाली.

पहिली गोष्ट इजिप्तमधल्या कैरोची. 1944 साली हलीम अल-दब्ब या तरुणानं तिथल्या रेडिओ केंद्राकडून तारेवर आवाज टिपणारं यंत्र मागून घेतलं आणि ‘झार’ नावाच्या विधीतलं गाणं त्यावर टिपलं. झार हा बायांचा विधी. अंगात येणं, त्रास उतरवणं, त्यासाठी बायांनी मिळून गाणं, असं त्याचं रूप असतं. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईभोवती बाया जमतात, तसंच काहीसं. मग त्यानं केंद्रात बसून त्या आवाजातले काही भाग गाळले, काहींना घुमारा दिला आणि त्यातून एक नवीनच रचना तयार केली. अशा तऱ्हेच्या संगीताचा हा अगदी सुरुवातीचा नमुना मानला जातो. मेहनत त्याची होती यात शंका नाही. पण गळे बायांचे होते, आणि रचना ओळखली जाते ती एकट्या त्याच्या नावानं. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

1948 साली पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज तबकडीवर टिपले. शिट्टी, वाफ, चाकांची खडखड. तबकडीवरची रेघ खरं तर आत आत सरकत जाते. त्यांनी ती वर्तुळासारखी बंद केली, त्यामुळे सुई त्याच जागी फिरत राहिली आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला. जात्याचा फेरा जसा फिरून तिथेच येतो, तसा. हाच लूप. त्यांचं हे ‘गोंगाटाचं संगीत’ त्याच वर्षी रेडिओवर ऐकवलं गेलं.

त्यानंतर चुंबकीय फीत आली, म्हणजे पुढे आपल्या कॅसेटमध्ये असायची तीच, फक्त जास्त रुंद. त्या फितीचं काम शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना लगेच कळेल. फीत सेकंदाला 15 इंच वेगानं पळायची, म्हणजे एका सेकंदाचा आवाज सव्वा फूट लांब. अर्ध्या सेकंदाचा सूर हवा असेल तर साडेसात इंच मोजायचे, ब्लेडनं कापायचे आणि चिकटपट्टीनं पुढच्या तुकड्याला जोडायचे. टोकाला टोक जोडलं की लूप तयार. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणाऱ्या बाईचा आवाज जाड, घोगरा व्हायचा, आठवतंय ना? तीच युक्ती इथे मुद्दाम वापरायची. फीत निम्म्या वेगानं फिरवली की सूर खालच्या सप्तकात उतरतो आणि दुप्पट वेगानं फिरवली की वरच्या सप्तकात चढतो. म्हणजे एकच आवाज टिपून त्यातून सगळी सुरावट कापून काढता येते.

लंडनला बीबीसीमध्ये डॅफ्नी ओरम नावाची बाई होती. महायुद्धाच्या दिवसांत ती तिथे नोकरीला लागली. 1949 च्या सुमारास तिनं वाद्यवृंद आणि तबकड्या यांना एकत्र आणणारी मोठी रचना लिहिली. ती तेव्हा नाकारली गेली. लोकांसमोर ती पूर्ण रूपात वाजली 2018 साली, डॅफ्नीच्या मृत्यूनंतर 15 वर्षांनी. पण ती गप्प बसली नाही. अशा आवाजांसाठी वेगळा विभाग हवा, ही मागणी तिनं लावून धरली. 1958 साली ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू झालं. डेस्मंड ब्रिस्को आणि ती, दोघं त्याचे संस्थापक. जुनी, इतर विभागांना नकोशी झालेली यंत्रं गोळा करून काम सुरू झालं. मात्र तिला नुसते नाटकांसाठी आवाज पुरवायचे नव्हते, संगीत घडवायचं होतं. म्हणून दुसऱ्याच वर्षी नोकरी सोडून तिनं स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि चित्रपटाच्या फितीवर रेघा काढून त्यांतून सूर उमटवणारं यंत्र तयार केलं.

त्याच वर्कशॉपमध्ये 1962 साली डेलिया डर्बीशायर आली. जन्म 1937, गाव कॉव्हेंट्री. लहानपणी तिनं या शहरावरची बॉम्बफेक अनुभवली होती, आणि भोंग्यांच्या त्या आवाजांतूनच आपल्याला आवाजाचं वेड लागलं असं ती पुढे सांगायची. केंब्रिजला ती गणित आणि संगीत शिकली. पदवीनंतर एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला, तर उत्तर मिळालं की स्टुडिओत बायकांना घेत नाही.

1963 साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत तिच्या टेबलावर आलं. सुरावट रॉन ग्रेनर या संगीतकारानं कागदावर लिहून दिली होती. ती प्रत्यक्ष ऐकू येईल अशी घडवली डेलियानं, मदतीला डिक मिल्स. छेडलेल्या एका तारेचा आवाज टिपला आणि त्यातूनच खर्जातला प्रत्येक सूर वेग बदलून, मोजून, कापून, जोडून काढला. आज जसे अनेक आवाज एका पडद्यावर रचता येतात, तशी सोय तेव्हा नव्हती. वेगवेगळ्या फिती वेगवेगळ्या यंत्रांवर लावून एकदम सुरू करायच्या. कुठे सूर चुकला तर लांब व्हरांड्यात सगळ्या फिती शेजारी शेजारी अंथरून चुकीची जागा शोधायची. पैठणीच्या मागावर तुटलेला धागा शोधावा, तितकं चिकाटीचं काम. ग्रेनरनं जेव्हा ते ऐकलं, तेव्हा हे आपणच लिहिलं होतं का, असा प्रश्न त्याला पडला.

तिच्या आवडत्या वस्तूंमध्ये दिव्याची एक जुनी हिरवी पत्र्याची शेड होती. ती वाजवली की सुंदर घुमायची. डेलियानं तो नाद टिपला, सुरुवातीचा ठणका कापून टाकला आणि उरलेल्या घुमाऱ्यात कोणकोणते सूर लपलेत ते गणितानं शोधून पुन्हा उभे केले. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी 1967 साली तिनं जे संगीत केलं, त्यात ही शेड आहे आणि उंटांच्या पावलांसाठी कापलेला तिचा स्वतःचा आवाजही.

आता नावाची गोष्ट. मालिकेच्या श्रेयनामावलीत नाव आलं ते रॉन ग्रेनरचं आणि वर्कशॉपचं. विभागातल्या माणसांची स्वतंत्र नावं द्यायची नाहीत, असा बीबीसीचा नियम होता. आपल्या मानधनातला वाटा डेलियाला मिळावा असं खुद्द ग्रेनरला वाटत होतं, पण नियम आडवा आला. 1973 साली ती बीबीसीतून बाहेर पडली. 2001 साली वारली. त्यानंतर तिच्या घरातून 267 फिती निघाल्या, त्या आज मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव पहिल्यांदा झळकलं 2013 साली, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात. ते पाहायला ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, गटाचं नाव लागलं तर बिघडलं कुठे? आपणही पापडाच्या पाकिटावर गटाचंच नाव छापतो. खरं आहे. पण आपल्या नोंदवहीत प्रत्येकीची बचत तिच्या नावापुढे असते आणि प्रत्येकीचं पासबुक वेगळं असतं. गटाचं नाव बाईला पाठबळ देतं, ते ठीक. ते तिचं नाव खाऊन टाकायला लागलं की मात्र हिशेब चुकतो.

आपल्या देशातही हा धागा आहे. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आणि टेपयंत्रांचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे रचना करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. त्या पखवाज वाजवत, आणि त्याआधी 1946 साली न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओतल्या फिती कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. 2023 साली त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं आणि रचनाकारांची नावं जगाला कळली. फिती जपल्या होत्या, म्हणूनच हे घडलं.

आणि आपल्या महाराष्ट्राकडे तर याहून मोठा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. कैरोत, लंडनमध्ये जे राहून गेलं, ते इथे सुरुवातीलाच झालं.

उद्या एखादा मुलगा, किंवा आपलीच एखादी लेक, आजीच्या ओवीचा, उखळात पडणाऱ्या मुसळाचा किंवा सुपाच्या पाखडण्याचा तुकडा घेऊन नवीन गाणं करेल. जरूर करावं. आपण एवढंच करू या. मोबाइलवर आवाज टिपताना पहिली दहा सेकंदं गाणारीनं स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख बोलावी. फाइललाही तेच नाव द्यावं. आणि तो आवाज कुणाला द्यायचा तर आधी तिला विचारावं. खर्च काहीच नाही. फितीचं काम कापल्याशिवाय होत नाही हे मान्य, पण कापताना नावाचा तुकडा खाली पडू द्यायचा नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.